चाळिशी उलटलेला नायक

एक हिशेब मांडून पाहू. समजा, 1974च्या जानेवारीत आपल्या खानदेशात, चोपडा तालुक्यातल्या एखाद्या गावात एक मुलगा जन्मला. आपल्याला पुरुषच आवडतात हे त्याला चौदा-पंधराव्या वर्षी उमगलं आणि ते त्यानं मनातच ठेवलं. डी.एड. झालं, झेडपीच्या शाळेत नोकरी लागली, सत्ताविसाव्या वर्षी लग्न झालं. 2 जुलै 2009ला दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं की, दोन सज्ञान माणसांचा खासगीतला, राजीखुशीचा संबंध हा गुन्हा नाही. तेव्हा तो पस्तीस वर्षांचा होता आणि थोरला नुकताच पहिलीत बसला होता. 11 डिसेंबर 2013ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला, तेव्हा तो एकोणचाळीसचा. 6 सप्टेंबर 2018ला त्याच न्यायालयानं 1860च्या दंडसंहितेतल्या कलम 377मधून असे संबंध वगळले, तेव्हा चव्वेचाळीसचा, आणि पहिलीतला पोरगा दहावीत. 17 ऑक्टोबर 2023ला समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला न्यायालयानं नकार दिला, तेव्हा एकोणपन्नासचा. 1 जुलै 2024ला भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात 377 उरलंच नाही. तेव्हा तो पन्नाशीत.

हा माणूस मी बनवलेला आहे. पण समलिंगी पुरुषाचं मध्यमवय हा विषय कथा-कादंबरीला आणि सिनेमाला अवघड का जातो, हे या जंत्रीवरून लगेच ध्यानात येतं. कोर्टानं त्याच्यावरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला तेव्हा घरात दहावीचं वर्ष होतं, सोसायटीचं कर्ज होतं, आईची शुगर होती. आता या मोकळीकीचं त्यानं करायचं काय? चांगला लेखक या प्रश्नापासून सुरुवात करतो. कच्चा लेखक नायकाचं वय वीस करून टाकतो आणि सुटतो.

तरुण नायकाच्या गोष्टीला आपण सरावलो आहोत. मुलगा स्वतःला ओळखतो, प्रेमात पडतो, घरी कळतं, आकांत होतो. शेवटी तो शहर गाठतो, नाहीतर मोडून पडतो. सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' (2006) बहुतेकांना ऐकून तरी माहीत असते. तनय आणि अनुजा ही भावंडं एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडतात आणि आपापली बाजू सांगतात. ती त्या वयाची गोष्ट आहे, त्या वयाशी प्रामाणिक आहे. वीस वर्षांनी तनय कुठे राहतो, त्याच्या बीपीच्या गोळ्या मेडिकलमधून कोण आणतं, हे सांगणं तिचं काम नाही.

मध्यमवयाची गोष्ट तिथून पुढे सुरू होते. पंचविशीतल्या माणसाला सोडायचं असतं ते बापाचं घर. पंचेचाळिशीतलं घर त्याचं स्वतःचं असतं, स्लॅब त्यानंच टाकलेला असतो. खरं सांगून टाकायचं म्हटलं तर ऐकणारे आईबाप नसतात. बायको असते, लग्नाला आलेली मुलगी असते, नाहीतर मोठे झालेले पुतणे असतात. म्हणजे त्याच्या सांगण्याची किंमत तो एकटा मोजत नाही. या जातीच्या कथेत गुपित असतंच, पण ते फुटणार की नाही यापेक्षा गेलेल्या वर्षांचं काय करायचं, हे जास्त महत्त्वाचं ठरतं.

पूर्वी हे नायक मरायचे

जुन्या पाश्चात्त्य साहित्यात याचं एक सोपं उत्तर काढलेलं होतं. नायकाला मारून टाकायचं. थॉमस मानची 'डेथ इन व्हेनिस' (1912) ही जर्मन दीर्घकथा याचं सगळ्यात नावाजलेलं उदाहरण. आशेनबाख हा पन्नाशी ओलांडलेला, मानमरातब मिळवलेला लेखक व्हेनिसला जातो, तिथल्या हॉटेलात उतरलेल्या एका कोवळ्या मुलाच्या रूपानं झपाटला जातो. त्याच्याशी एक शब्दही बोलत नाही. न्हाव्याकडून केस काळे करून घेतो, चेहऱ्याला रंग लावून घेतो. शहरात पटकी पसरलेली आहे हे कळूनही तिथून हलत नाही आणि किनाऱ्यावरच्या खुर्चीत मरतो. कथा मोठी आहे यात वाद नाही. पण तिनं एक वाईट वळण घालून दिलं. पुरुषाला पुरुष आवडणं आणि वय होणं या दोन गोष्टी एकत्र आल्या की लोकांच्या डोळ्यांपुढे कलप लावून पोराच्या मागे फिरणारा म्हाताराच येऊ लागला. दोन प्रौढ पुरुष एका घरात वीस वर्षं राहतात, भाजीत मीठ जास्त झालं म्हणून भांडतात, हे चित्र पुस्तकांत यायला फार वेळ लागला.

ई. एम. फॉर्स्टरनं 1913-14मध्ये 'मॉरिस' लिहिली आणि ठरवून तिचा शेवट सुखाचा केला. दोन्ही नायक जगतात, एकत्र राहतात. मग ती कादंबरी त्यानं कपाटात ठेवून दिली. इंग्लंडचा कायदा 1967ला सैल झाला तेव्हा फॉर्स्टर अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होता. तो 1970मध्ये गेला आणि पुस्तक 1971ला निघालं. तरुणपणी लिहिलेली सुखाची गोष्ट छापली जायला लेखकाचं सगळं म्हातारपण जावं लागलं. (ज्या इंग्रजांनी आपल्याला 377 दिलं त्यांनी स्वतःच्या घरचा कायदा आपल्या 51 वर्षं आधी बदलला, हेही इथेच नोंदवून ठेवतो.)

दारावर कोण बसणार?

माझ्या मते या सगळ्या प्रकारातलं पहिलं थेट मध्यमवयाचं पुस्तक म्हणजे ख्रिस्तोफर इशरवुडची 'अ सिंगल मॅन' (1964). छोटीशी कादंबरी. जॉर्ज, वय 58, मूळचा इंग्लंडचा, लॉस एंजलिसमध्ये कॉलेजात साहित्य शिकवतो. त्याच्याबरोबर राहणारा जिम अपघातात गेलेला आहे. कादंबरीत घडतो तो फक्त एक दिवस: उठणं, संडास, आरसा, गाडी, वर्ग, व्यायामशाळा, दारू, झोप. शेजाऱ्यांना जॉर्जनं जिम मेल्याचं सांगितलेलंच नाही. तो आपल्या घरच्यांकडे राहायला गेला, असं सांगून ठेवलंय.

हे असं का लिहिलं असेल, ते आपल्या भागातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे माणूस गेला की घर लोकांनी भरतं. दारावर यायला दूरदूरची माणसं गाडी करून येतात. पेपरात फोटो येतो, खाली गंधमुक्ती आणि उत्तरकार्याची तारीख, आणि शोकाकुल म्हणून नावांची रांग: मुलं, सुना, पुतणे, भाचे, मित्रपरिवार. आता असा विचार करा, की गेलेल्या माणसाबरोबर ज्यानं अठरा वर्षं काढली त्याचं नाव या रांगेत कुठे बसवायचं? फार तर 'मित्रपरिवार'मध्ये, तेही नाव न लिहिता. तो दारावर येईल, बाकीच्या मित्रांबरोबर सतरंजीवर बसेल, चहा नको म्हणेल, आणि रीतीप्रमाणे थोड्या वेळानं उठेल. घरच्यांना रडायला दहा-तेरा दिवस दिलेले असतात. त्याला सोमवारी ऑफिस. इशरवुड कादंबरीत एकच दिवस घेतो, कारण जॉर्जच्या दुःखाला समाजानं एकही दिवस दिलेला नाही. तो रोजच्या कामाधामातच दुःख करतो.

रोहन परशुराम कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या मराठी सिनेमानं हीच गोष्ट उलटी धरली, म्हणून तो मला फार महत्त्वाचा वाटतो. 2025च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात त्याला परदेशी कथापटांच्या विभागातलं ज्युरीचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. मुंबईत राहणारा, तिशीतला आनंद वडील गेले म्हणून गावी येतो आणि दहा दिवसांच्या सुतकात अडकतो. नातेवाईक जमलेत, म्हणजे लग्नाचा विषय निघणारच. गावात त्याचा लहानपणचा दोस्त बाळ्या आहे, शेती करतो, त्याचंही लग्न झालेलं नाही. आनंद पुरता मध्यमवयीन नाही, उंबऱ्यावर आहे. पण गोष्ट मध्यमवयाचीच, कारण तिथे आता बाप उरलेला नाही, आईचं पुढे काय हा प्रश्न आहे, आणि जे सुतक माणसाला जखडून ठेवतं त्यातच दोघांना एकमेकांसाठी वेळ सापडतो. आणि सिनेमा मराठीत आहे, गावात आहे. त्यातल्या माणसांना सुखी व्हायचं तर अमेरिकेला जावं लागत नाही.

बायको

लग्न झालेल्या नायकाकडे येऊ. आपल्या भागात न झालेल्यांपेक्षा हेच जास्त असणार, हे कुणीही सांगेल.

ॲनी प्रूची 'ब्रोकबॅक माउंटन' ही कथा 1997ला आली, तिच्यावरचा अँग लीचा सिनेमा 2005ला. 1963 साली मेंढ्या राखायला गेलेले दोन विशीच्या आतले पोरगे, एनिस आणि जॅक. उन्हाळा संपतो, दोघं आपापली लग्नं करतात, आणि पुढची वीस वर्षं अधूनमधून मासे पकडायला जातो असं सांगून डोंगरात भेटतात. लोक याला तरुणांची प्रेमकथा समजतात. तिचा मोठा भाग मात्र तिशी-चाळिशीचा आहे: पोटगी, पगार, रजा मिळत नाही, गाडीचं पेट्रोल, या वेळी नाही जमत, पुढच्या वेळी बघू. एनिसची बायको अल्मा एकदा त्याच्या मासेमारीच्या दोरीला चिठ्ठी बांधून ठेवते. तो परत येतो तेव्हा चिठ्ठी तशीच असते, कोरडी. बाईला सगळं कळलेलं आहे. ती वर्षानुवर्षं काही बोलत नाही.

ही चिठ्ठी म्हणजे या प्रकारच्या कथांची परीक्षा आहे. बायकोला लेखक काय देतो ते बघायचं. तिला नाव आहे का, तिचं स्वतःचं मत आहे का, की ती फक्त स्वयंपाकघरातून भांडी आपटते? वीस वर्षं ज्या बाईला वाटलं की आपल्यातच काहीतरी कमी आहे, तिचा हिशेब कथेत कुठेतरी मांडलेला हवा. नवऱ्याच्या घुसमटीवर चाळीस पानं आणि बायकोच्या घुसमटीवर दोन ओळी, असं पुस्तक मला अर्धं वाटतं.

या परीक्षेत पहिल्या नंबरानं पास होणारा सिनेमा म्हणजे जिओ बेबी यांचा मल्याळम 'काथल' (2023). केरळमधलं तीकोय नावाचं गाव. मॅथ्यू देवसी हा बँकेतून निवृत्त झालेला, चर्चला जाणारा, सगळ्यांच्या ओळखीचा गृहस्थ ग्रामपंचायतीच्या पोटनिवडणुकीला उभा राहतो. त्याच सुमाराला वीस वर्षं संसार केलेली त्याची बायको ओमना घटस्फोटाचा अर्ज करते, आणि कारण देते की नवरा समलिंगी आहे. मामुटींसारखा सत्तरी ओलांडलेला सुपरस्टार स्वतःच्या संस्थेतून हा सिनेमा काढतो, स्वतः ही भूमिका करतो. आपल्या हिंदी-मराठीतल्या कोणत्या हिरोनं हे केलं असतं, ते मनातल्या मनात मोजून बघा.

'काथल'मध्ये ओमना नवऱ्याची अब्रू काढायला कोर्टात जात नाही. दोघांची सुटका व्हावी म्हणून जाते. आणि सगळ्यात मोठा धक्का मॅथ्यूच्या वडिलांकडून येतो. मुलाचं त्यांना माहीत होतं, लग्न झालं की सरळ होईल म्हणून त्यांनी ते लावून दिलं होतं. आपल्याकडच्या कितीतरी घरांत बैठक बसते तेव्हा नेमकं हेच घडत असेल: माहीत असूनही सुपारी फुटते, आणि दुसऱ्याच्या लेकीच्या आयुष्याला औषध म्हणून वापरलं जातं. तिथला दोष एकट्या नवऱ्याचा नसतो, हे दाखवायला मध्यमवयाची कथा लागते. तरुण नायकाच्या कथेत बाप फक्त ओरडतो. इथे त्याला वीस वर्षांनी जाब द्यावा लागतो.

बिनलग्नाचा काका

ज्यानं लग्न केलंच नाही त्याचं काय? त्याला गावात एक तयार जागा असते. तो काका असतो. लग्नकार्यात आचाऱ्याकडे लक्ष ठेवायला काका, पुतण्याच्या ॲडमिशनला काका, रात्रीच्या लाइटीला पाणी भरायला काका. "तुन्हं लगीन का बरं नही व्हयनं?" हा प्रश्न पस्तिशीपर्यंत आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), कानबाईच्या सणाला, प्रत्येक हळदीत विचारला जातो, मग हळूहळू थांबतो. तो थांबणं ही मुक्तीही असते आणि लोकांनी त्याला खात्यातून वजा केल्याची खूणही. कथालेखकासाठी हा माणूस म्हणजे भरलेलं कणगं आहे. सगळे त्याला बघतात आणि कुणालाच तो दिसत नाही.

या काकाच्या गोष्टीत कायदा कसा शिरतो ते जरा समजून घेऊ, कारण मध्यमवयाची निम्मी कथानकं कागदांत दडलेली असतात. अविवाहित हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर 1956च्या वारसा कायद्याप्रमाणे त्याची मिळकत आधी आईकडे जाते. ती नसेल तर वडील, ते नसतील तर भाऊ-बहिणी, पुढे पुतणे-भाचे. ज्याच्याबरोबर आयुष्य काढलं तो जोडीदार या यादीत कुठेच नाही. 2023च्या निकालानंतर लग्नाचा रस्ताही बंद. 2024च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या अर्थखात्यानं स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कुठलीही आडकाठी नाही. चांगलंच झालं. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे त्याच्या हातात पडतात, हक्क वारसांचाच राहतो. म्हणून मृत्युपत्र लागतं. त्याची नोंदणी सक्तीची नाही, मात्र दोन साक्षीदार लागतात.

आता यावल-रावेरकडचा एक पन्नास वर्षांचा केळीवाला डोळ्यांसमोर आणा. चार एकर स्वतः घेतलेली. त्याला ती कुणा एका माणसाच्या नावे करायची आहे. दोन साक्षीदार कुठून आणणार? साक्षीदाराला आतला मजकूर माहीत असायची गरज नाही, हे वकील सांगेल. पण गावात कुणी कुणासाठी सही केली हे संध्याकाळपर्यंत पारावर पोचतं, आणि दुसऱ्या दिवशी भाऊबंदकी दारात उभी राहते. पुतण्यांनी आजवर काकाची सेवा कशासाठी केली? प्रेमानं, का चार एकरांसाठी? आणि काकानं तरी आजवर गप्प राहून त्यांना काय समजू दिलं? यात कुठेही बेडरूम नाही, चुंबन नाही. दोन सह्या शोधत फिरणारा माणूस आहे. एवढ्यावर दोनशे पानं निघतील.

जळगाव-धुळ्याच्या मातीत अशी कथानकं पडलेलीच आहेत. सालदाराचं घ्या. शेतावर वर्षाच्या बोलीनं राहणारा गडी. आखाजीला त्याचं साल संपतं, आखाजीला नवं ठरतं. समजा, मालक आणि सालदार यांच्यात काही आहे आणि ते वीस आखाज्या टिकलं आहे. दरवर्षी त्याच दिवशी दोघं समोरासमोर बसून रक्कम ठरवतात, घरातली माणसं ऐकत असतात. त्या आकड्यात मजुरी किती आणि दुसरं काय किती? लेखकानं इथे भावुक व्हायचं नाही. एकाच्या हातात धान्याची कोठी आहे आणि दुसऱ्याच्या घरी चूल त्याच्यावर पेटते, तिथे 'राजीखुशी' हा कोर्टाचा शब्द किती टिकतो, हे त्यानं विचारायलाच हवं. जातीचा प्रश्न तर उघड्यावरच पडलेला असतो.

इंग्रजीत हा प्रश्न आर. राज राव यांच्या 'द बॉयफ्रेंड' (2003) या कादंबरीनं विचारलेला आहे. पुणे विद्यापीठात इंग्रजी शिकवलेल्या या लेखकाचा नायक युदी मुंबईत एकटा राहणारा, चाळिशीतला पत्रकार. त्याला भेटतो मिलिंद महाडिक हा गरीब घरातला दलित तरुण. 1992-93च्या दंगलीची मुंबई मागे आहे. युदीकडे फ्लॅट आहे, इंग्रजी आहे, मत आहे. मिलिंदकडे वय आहे. कोण कुणाला वापरतोय, हे कादंबरी शेवटपर्यंत ठरवू देत नाही, आणि मिलिंदचं लग्न होतंच. हे पुस्तक गोड नाही; काही ठिकाणी मुद्दाम ओंगळ आहे. पण मध्यमवयाच्या माणसाकडे जी सत्ता असते ती लपवत नाही. 'डेथ इन व्हेनिस'मधल्या आशेनबाखला फक्त मरायचं होतं. युदीला भाड्यापासून जातीपर्यंत सगळ्याचा जाब द्यावा लागतो.

हसणं आणि वय

अशा पुस्तकांत विनोद कमी. अँड्र्यू शॉन ग्रीअरची 'लेस' (2017) हा सणसणीत अपवाद. तिला 2018चं पुलित्झर मिळालं. पन्नाशी गाठणारा, फारसा न गाजलेला लेखक आर्थर लेस जुन्या प्रियकराच्या लग्नाला जायला लागू नये म्हणून जगभरातून आलेली सगळी फुटकळ आमंत्रणं स्वीकारतो. फिरत फिरत भारतातही येतो. लेसला वाटतं की म्हातारा होणारा जगातला पहिला समलिंगी माणूस आपणच. हे वाचून आधी हसू येतं, मग कारण कळतं. 1981पासून अमेरिकेत एड्सनं त्याच्या आधीची पिढी कापून काढली. म्हातारं कसं व्हायचं हे बघायला त्याच्यापुढे कुणी उरलंच नव्हतं. आपल्याकडे कारण वेगळं, पण परिणाम जवळचा: वयस्क माणसं होती, आहेत, मात्र ती काका म्हणून, नवरा म्हणून, मास्तर म्हणून गेली. तशी म्हणून कुणी पाहिली नाहीत.

जी एक दिसली तिचं काय झालं ते 'अलिगढ' या सिनेमात आहे. हंसल मेहता दिग्दर्शक, मनोज वाजपेयी प्रा. रामचंद्र सिरस यांच्या भूमिकेत. सिरस खरोखरच अलिगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत, कविता लिहीत. फेब्रुवारी 2010मध्ये काहीजण त्यांच्या घरात घुसले, चित्रण केलं, आणि विद्यापीठानं निलंबित केलं त्यांनाच. दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल येऊन तेव्हा सात महिने झाले होते. निवृत्ती तोंडावर आलेली. 1 एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयानं निलंबनाला स्थगिती दिली. 7 एप्रिलला ते घरात मृत सापडले. सिनेमातलं मला लक्षात राहिलेलं दृश्य कोर्टाचं नाही. संध्याकाळी एकटा बसलेला माणूस ग्लास घेऊन लताबाईंचं गाणं ऐकतो, आणि कॅमेरा त्याच्याकडे भरपूर वेळ नुसता बघत राहतो. मराठी कवितेचा प्रोफेसर, आपल्यातलाच, घरापासून हजारभर किलोमीटर दूर.

शरीराबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण लेखक तिथे हमखास लाजतात. पन्नाशीतल्या पुरुषाला गुडघा असतो, पोट असतं, जवळचं वाचायला चष्मा लागतो, रात्री दोनदा उठावं लागतं. आणि तरीही त्याला कुणीतरी हवंसं वाटतं. या दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात लिहिता येणं हे कौशल्याचं काम आहे. केळीच्या पट्ट्यात मृगबाग, म्हणजे पावसाच्या सुरुवातीची केळीची लागण, हुकली म्हणून कुणी शेत पडीक ठेवत नाही, ऑक्टोबरात कांदेबाग, म्हणजे उशिराची केळी, लावतात. तिला पाणी वेगळं लागतं, थंडीची काळजी वेगळी घ्यावी लागते, आणि घड येतो. उशिराच्या प्रेमाकडे लेखकानं इतक्याच सरळ नजरेनं पाहावं. दया नको, कौतुकही नको.

मग मराठीत हे लिहिलं का जात नाही? वाचक नाहीत हे कारण मला पटत नाही. 2024च्या फेब्रुवारीत अमळनेरला अखिल भारतीय आणि विद्रोही अशी दोन साहित्य संमेलनं एकाच वेळी भरली. खरी अडचण लिहिणाऱ्याची आहे. ज्याला हे आतून माहीत आहे त्याची मुलगी लग्नाची आहे. पुस्तकावर नाव घालायचं म्हणजे तिच्या स्थळांवर नाव घालणं. टोपणनावानं लिहिलं तरी मातीच्या वासावरून गाव ओळखतं: कोणतं खळं, कोणता बस स्टॉप, मेहरूण तलावाची कोणती बाजू. बाहेरून लिहिणाऱ्याला माणूस सापडतो पण आखाजी सापडत नाही. दुसरी अडचण बोलीची. हा माणूस घरी अहिराणीत बोलतो, नाहीतर लेवा बोलीत. शाळेत प्रमाण मराठी. आणि मोबाइलच्या ॲपवर तोडक्या इंग्रजीत. प्रेम तो कुठल्या बोलीत करतो, हे लेखकाला कानानं ठाऊक हवं. अशी माणसं तमाशातल्या नाच्यात किंवा तृतीयपंथीयांत शोधणारे लेखकही आहेत. तो रस्ता चुकीचा, ती माणसं वेगळी, त्यांच्या गोष्टी वेगळ्या.

सुरुवात कुठून करायची असं कुणी विचारलं तर मी 'काथल' म्हणतो. मल्याळम येत नसलं तरी सबटायटल्सवर नीट कळतो, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांबरोबर बसून पाहायला अडचण यावी असं त्यात काही नाही. त्यानंतर 'साबर बोंडं'. 'अ सिंगल मॅन' पुस्तक आधी वाचा, टॉम फोर्डचा 2009चा सिनेमा नंतर पाहा. सिनेमा फार देखणा आहे आणि तेवढ्यानंच थोडा कमी पडतो, कारण जॉर्जच्या घरात इतकी इस्त्री नाही. 'द बॉयफ्रेंड' शेवटी ठेवा. त्याचा राग येईल. आला तर युदीच्या जागी मालक आणि मिलिंदच्या जागी सालदार बसवून पुन्हा वाचा.